मागच्या खोलीतला आवाज

...आणि वर मेहुणा मलाच विचारतो, "भावजी, ह्या पॉइंटांचं करायचं काय असतं हो?" आता काय सांगायचं ह्याला? करायचं काय म्हणजे? तुझ्या दारात ती चारचाकी आठवडाभर धूळ खात उभी असते, तिचं तू काय करतोस? रविवारी पुसतोस आणि लांब उभा राहून बघतोस. तसेच आम्हीही आमचे पॉइंट बघतो. दहा हजार पॉइंट, तुम्हाला सांगतो, नुसते बघितले तरी छाती भरून येते. आणि हा म्हणतो, "त्यातून काही येतं का घरात? निदान दूध तरी?" नाही येत बाबा. दूध येत नाही. खरं म्हणजे आता दूध आणायलाच घरात कोणी उरलेलं नाही, पण ते पुढे सांगतो, आधी पॉइंटांचं ऐकून घ्या, कारण पॉइंट कळल्याशिवाय माझी बाजू कळायची नाही, आणि माझी बाजू ऐकून घ्यायला सध्या तुम्हीच आहात.

तर माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. तक्रारीची खिडकी. काचेला एक भोक, भोकाच्या अलीकडे मी, पलीकडे जग. माणूस येतो, भोकाला तोंड लावून ओरडतो, "पाणी नाही!" मी म्हणतो, तक्रार नोंदवली आहे. दुसरा येतो, "पाणी गढूळ आहे!" तक्रार नोंदवली आहे. एक म्हातारे गृहस्थ तर यायचे आणि म्हणायचे, "पाणी येतं हो, पण मनापासून येत नाही." त्यांचीही नोंदवली. पण इतक्या वर्षांत एक तरी माणूस परत येऊन म्हणाला का, की साहेब, आलं बरं का पाणी, तुमच्यामुळे आलं? कशाला म्हणेल? पाणी आलं की माणूस आंघोळीला जातो, माझ्याकडे कशाला येईल!

अशात आमच्या बाथरूमच्या भिंतीत ठकठक सुरू झाली. त्याचं कारण इंटरनेटवर शोधता शोधता मला तो मंच सापडला. ‘घरचे आवाज’. तिथे दुसरं काही नाही, फक्त घरातल्या आवाजांबद्दल विचारायचं. आणि काय सांगू, जगात किती माणसं आपापल्या घरात कान टवकारून बसली आहेत! कोणाचं छत कुरकुरतं, कोणाच्या भिंतीतून कोणी खोकतं, कोणाचा जिना माणूस नसताना वाजतो. एका बाईने लिहिलं होतं, आमचा फ्रीज दुपारी कण्हतो, मला घरात एकटीला बसवत नाही. मी सहज लिहिलं, फ्रीजचा मागचा एक पाय आखूड असेल, खाली पुठ्ठ्याची घडी घाला. अर्ध्या तासात माझ्या उत्तराला वरचा बाण! मग अजून एक! मग हिरवी टिक! आणि खाली लिहिलेलं, "शांत झाला. तुमच्यामुळे." तुमच्यामुळे, म्हणजे माझ्यामुळे! मी तो शब्द तीनदा वाचला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

आता हिशेब ऐका. वरचा बाण मिळाला की दहा पॉइंट. हिरवी टिक, म्हणजे विचारणाऱ्याने तुमचं उत्तर मान्य केलं, की पंधरा. खालचा बाण आला की दोन गेले. आणि तुम्ही दुसऱ्याला खालचा बाण मारलात तर तुमचाही एक जातो, म्हणजे दुसऱ्याला टपली मारायची तर स्वतःच्याही डोक्यात एक मारून घ्यायची. काय डोकं लावलंय बघा! आणि मुख्य म्हणजे पॉइंट वाढतील तसे अधिकार वाढतात. नवा माणूस आला की त्याने फक्त विचारायचं. थोडे पॉइंट झाले की दुसऱ्याच्या उत्तराखाली शेरा मारता येतो. अजून झाले की दुसऱ्याने लिहिलेलं सुधारता येतं. अजून झाले की दुसऱ्याचा प्रश्न थेट बंद करता येतो, अशी पाटी लावून, की हा आधी विचारलेला आहे, किंवा हा विषयबाह्य आहे. बंद म्हणजे बंद. माझ्या ऑफिसात मला पंखा बंद करायचा तरी साहेबांना विचारावं लागतं!

मी तिथे नाव घेतलं ‘कानसेन’. घरात मागे एक खोली होती, वाळत घालायचे कपडे, जुन्या गाद्या, शिलाई मशीन, असलं सगळं ठेवायची. त्या मशीनच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि दार लावून घेतलं. आवाजांचं काम शांततेतच होतं ना!

सगळ्यात मजा कशात, तर दुसऱ्याचं लिखाण साफ करण्यात. त्या मंचाचा नियमच आहे, मुद्द्याचं तेवढं ठेवायचं. लोक काय वाट्टेल ते लिहितात हो! "नमस्कार मंडळी" काढा. "कृपया" काढा. "आधीच आभार मानते" काढा. "मी घरात एकटीच असते आणि मला फार भीती वाटते हो" काढा, काढा, भीतीचा काय संबंध, आवाज कुठल्या भिंतीतून येतो ते सांगा! आणि खाली चौकटीत कारण लिहायचं, "अनावश्यक मजकूर वगळला." प्रत्येक सफाईला दोन पॉइंट. मी चहा पिता पिता वीस-वीस माणसांची भीती काढून टाकायचो.

आता माणसाला सवय लागते. मी मान्य करतो. आमची ही यायची दारात, म्हणजे माझी बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते ती, संध्याकाळी दमून यायची आणि दारात उभी राहून सुरू करायची, "अहो, ऐकलंत का, आज ना लॅबमध्ये काय गंमत झाली, मी सकाळी गेले तर आमचा तो नवीन..." मी हात वर करायचो. प्रश्न काय आहे? ती म्हणायची, "प्रश्न नाहीये. सांगत होते." प्रश्न नाहीये! मग ह्याचं मी काय करू? एकदा कन्या आली. "बाबा, मी चित्रकलेला गेले तर चालेल का?" मी म्हटलं, हा प्रश्न आधी विचारलेला आहे. ती म्हणाली, "हो, पण तुम्ही उत्तर नव्हतं दिलं." मी म्हटलं, मग तो बंद झाला असेल. पोरगी हसली पण. त्यानंतर मात्र ती दारात आल्याचं मला आठवत नाही. पुढे पुढे तर माझ्याकडून नुसतं ‘हं’ जायचं. त्यातही वेळ वाचतो. आणि वेळ वाचला की उत्तरं वाढतात.

पॉइंट मात्र मिळत गेले, हे तुम्ही नाकारू शकत नाही.

मग एक दिवस ही आली आणि दारातच खाली बसली. म्हणजे उंबऱ्यावर. म्हणाली, तिला बढती मिळते आहे, पण दुसऱ्या गावी, मोठ्या लॅबमध्ये. तुमचं ऑफिस तिथेही आहे, तुम्ही बदली मागितली तर मिळेल. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. मग म्हणाली, "आपण तिघांनी जायचं का? की मी नाही म्हणून कळवू? तुम्ही म्हणाल ते करते, पण काहीतरी म्हणा." आता नेमकं त्याच वेळी पाण्याच्या टाकीच्या शिटीवर एक प्रश्न आला होता आणि ‘गंजका खिळा’ म्हणून एक महाभाग आहे तिथे, माझा पक्का वैरी, तो उत्तर लिहायला बसला होता. ह्या माणसाला टाकी आणि तांब्या यातला फरक कळत नाही, आणि तो उत्तर देणार? मी म्हटलं, हं. ती म्हणाली, "हं म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं, हं.

मग ती उठून गेली असावी. मला ऐकू आलं नाही. टाकीच्या उत्तराला सहा वरचे बाण आले. पॉइंट मिळाले!

आणि त्याच आठवड्यात तो ‘पडदा’ आला.

‘पडदा’ म्हणजे नाव हो, नवीन सभासद, पॉइंट शून्य. प्रश्न असा होता, मला पाठ आहे, ऐका. "आमच्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे. तिचं दार लावलेलं असतं. आतून टकटक येते, बोटांनी भराभर काहीतरी वाजवल्यासारखी. मध्येच थांबते. मग खुर्ची करकरते. मग कोणीतरी हसतं. एकदाच, नाकातून."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असं कोणी लिहिलं नव्हतं. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, आणि माझे हात गार. मी नीट वाचायला म्हणून पुढे सरकलो, आणि... करकर! खुर्ची करकरली! माझ्याच खोलीत! मी दचकून मागे वळलो, तर परत करकरली! कोणी नाही. गाद्यांची चळत, दांडीवर लटकलेला एक शर्ट, बस्स. मी म्हटलं, असं होतं, मनाचे खेळ असतात. उत्तर लिहायला घेतलं. आणि टकटक, टकटक, टकटक... मी लिहायचं थांबलो. ते थांबलं. मी श्वास रोखून बसलो. काही नाही. एक अक्षर दाबलं. टक. तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. मी एका बोटाने, हळूहळू, चोरासारखं ते उत्तर पुरं केलं. उन्हाने खिडकीचा पत्रा तापतो आणि आकसतो, टकटक त्याचीच, असं लिहिलं. सतरा वरचे बाण! इतका आनंद झाला की मी हसलो. एकदाच. कसा, ते विचारू नका.

दुसरा प्रश्न आला दोन-चार दिवसांनी. "त्या दाराबाहेर चहाचा कप ठेवला तर थोड्या वेळाने तो रिकामा सापडतो. जेवणाचं ताट ठेवलं तर तेही. दार उघडताना कधीच कोणाला दिसलं नाही." अख्खा मंच हादरला! बाण नुसते उडत होते. गंजका खिळा म्हणाला, मांजर. मांजर? मांजर दार लावून घेतं का रे मूर्खा? मी त्याला खालचा बाण मारला, माझा एक गेला, जाऊ दे. मी लिहिलं, प्रश्न आवाजाचा नसला तरी सांगतो, उष्ण हवेत पातळ पदार्थ उडून जातात. आणि ताट? ताटाला उंदीर. लिहून झालं, शेजारी ठेवलेला चहा संपवला, कप नेहमीसारखा दाराबाहेर सरकवला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

तिसरा प्रश्न मात्र, देवा रे! अजून आठवला की कानामागे गार वारा लागतो. "दाराशी उभं राहून हाक मारली तर आतून ‘हं’ असा आवाज येतो. काहीही म्हटलं तरी तेच. जेवायला या, म्हटलं तरी हं. पाऊस येतोय, म्हटलं तरी हं. माझ्या मुलीने काल मुद्दाम म्हटलं, घराला आग लागली आहे. तरीही हं. मुलगी आता त्या दाराकडे जात नाही." बघा! त्या लहानग्या जिवाचं काय झालं असेल! योगायोग असा, की आमची कन्याही त्याच सुमारास आगीबद्दल काहीतरी बोलून गेल्याचं मला अंधुक आठवतं, पण मी कामात होतो. मी उत्तर दिलं, हा प्रतिध्वनी आहे. सामान कमी असलेल्या बंद खोलीत हाकेचा शेवटचा नाद भिंतीवर आपटून परत येतो, तो ‘हं’सारखा वाटतो. आतमध्ये कोणीही नाही, निश्चिंत असा.

आणि त्या प्रश्नाच्या शेवटी तीन ओळी होत्या. "पूर्वी ह्या खोलीत माझे मिस्टर बसायचे. ते फार बोलायचे हो, जेवताना आम्हाला इतकं हसवायचे की पाणी नाकात जायचं. मला त्यांची आठवण येते." मला वाईट वाटलं. बिचारी विधवा दिसते, म्हटलं. पण नियम तो नियम, आवाजाशी त्याचा संबंध काय? मी त्या तीन ओळी काढल्या. चौकटीत लिहिलं, अनावश्यक मजकूर वगळला.

दोन पॉइंट मिळाले.

त्यानंतर मात्र मला घरात भीती वाटायला लागली. चेष्टा नाही. ती बाई लिहायची आणि इकडे माझ्या खोलीत ते वाजायचं. ती लिहायची, आता आतून कोणी उसासे टाकतं, आणि खरंच, कोणीतरी अगदी माझ्याजवळ, माझ्या छातीपाशी उसासा टाकायचं. ती लिहायची, संध्याकाळी दाराखालच्या फटीतून निळसर उजेड येतो पण खोलीतला दिवा कधीच लागत नाही, आणि मी वर बघायचो, तर दिवा लावलेलाच नाही! एका संध्याकाळी मी इतका घाबरलो की आतूनच ओरडलो, अगं, जरा इकडे ये, मला भीती वाटते आहे! पावलं आली. दारापाशी थांबली. "कशाची?" तिने विचारलं. किती दिवसांनी मी तिला हाक मारली होती, पण सांगायचं कुठून? पॉइंट काय, पडदा काय, हे सगळं समजावत बसायचं? मी म्हटलं, तुला नाही कळायचं ते. मग पावलं गेली. हलकी पावलं, अनवाणी, टाचेवर भार जास्त. आवाज ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तुम्हाला सांगतो.

आणि मग तो रविवार. जेवणं झाल्यानंतरची वेळ, सगळीकडे सामसूम. दहा हजाराला मला फक्त बारा पॉइंट कमी होते, म्हणजे एक हिरवी टिक आली की काम फत्ते. आणि पडद्याचा प्रश्न आला. सोबत फोटो. एक तपकिरी दार, कडीजवळ रंगाचे पोपडे निघालेले, बाहेर एक स्टीलचं ताट, आणि दाराखालच्या फटीत उजेड, त्या उजेडात दोन पावलांची सावली. अक्षरशः शहारलो! प्रश्न असा होता, "आम्हाला दुसऱ्या गावी जायची संधी आली आहे. हा आवाज आमच्याबरोबर येईल का? यायची थोडीही शक्यता असेल तर मी थांबेन, पुन्हा विचारून बघेन, कितीही वेळा विचारेन. नसेल येणार तर आम्ही दोघी आज निघतो. ह्याचं उत्तर फक्त कानसेन यांनीच द्यावं."

माझं नाव घेऊन! इतक्या मोठ्या मंचावर, त्या गंजक्या खिळ्यासमोर, फक्त कानसेन यांनीच! मी खुर्चीत ताठ बसलो. असं उत्तर मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. लिहिलं, आवाज घराचा असतो, माणसांचा नसतो. तुम्ही गेलात तर तो मागे येणार नाही, बोलावलंत तरी येणार नाही, कारण त्याला तुम्ही ऐकूच येत नाही. त्याची वाट बघत थांबू नका. निश्चिंत मनाने निघा.

आणि पाठवलं. पाठवल्या पाठवल्या हिरवी टिक! इतक्या लवकर की कोणी वाचूसुद्धा शकणार नाही. स्क्रीनवर रंगीत कागद उडाले, मोठ्या अक्षरात अभिनंदन, दहा हजार, आणि मी डोळे मिटून ते सुख अंगात मुरू देत होतो, तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज यायला लागले. आणि काय सांगू, कान इतका तयार झालेला, की मी बसल्या जागेवरून एकेक ओळखत गेलो. चेन ओढली. जाड कापड, मोठी बॅग. दुसरी चेन, जरा अडकणारी, ती कॉलेजची सॅक. फळीवरून भांडं काढलं, परत ठेवलं. चाकं, फरशीच्या सांध्यांवरून, खड, खड, खड. मग शांतता. मग पावलं, दोन माणसांची, माझ्या दारापर्यंत आली आणि थांबली. कोणीतरी दाराला हात लावला, ठोकलं नाही, नुसता तळवा टेकवला, त्याचाही आवाज असतो, फार बारीक असतो. मी तोही ओळखला! मग पावलं गेली, मुख्य दार, कडी, लॅचचा खटका. एकही चुकलं नाही. सगळे बरोबर. आणि मी उठलो नाही. ओळखण्याच्या आनंदात होतो हो मी, उठायचं राहूनच गेलं.

पण पॉइंट मिळाले! दहा हजार तीन.

कळलं कधी? चहाच्या वेळी. दाराबाहेर कप आलेला नव्हता. मी दोनदा म्हटलं, अगं चहा. मग दार उघडून बाहेर आलो, चार पावलं गेलो आणि सहज मागे वळून बघितलं. आणि तिथे, तुम्हाला खरं सांगतो, ते दार होतं. तपकिरी. कडीजवळ पोपडे. बाहेर ताट, त्यात भाताचं शीत वाळलेलं. मी ते दार कायम आतून बघितलेलं, आतून त्याला पांढरा रंग आहे. बाहेरून कसं दिसतं ते मी विसरूनच गेलो होतो. मी बघत राहिलो. वाटलं, आता ती फटीतली पावलं हलतील. पण पावलं माझ्याजवळ होती. मी खाली बघितलं तर माझ्याच पायात होती. आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की पडदा म्हणजे आमची ही. आणि ते जे काही आत बसायचं, हसायचं, उसासे टाकायचं, कप रिकामे करायचं, ज्याला मी घाबरून दिवस काढले, ते म्हणजे मी.

मी धावत पुढच्या खोलीत गेलो. तिची चप्पल नाही. कन्येचे ब्रश नाहीत. मी ओरडलो, अगं, आहेस का? आणि भिंतीकडून उत्तर आलं, "का?" सामान कमी झालं होतं ना. म्हणजे प्रतिध्वनीबद्दल मी लिहिलं होतं ते बरोबरच निघालं, पण ते आता सांगायचं कोणाला?

त्यानंतर घरातले आवाज गेले. सगळे. फ्रीज चालू आहे पण बोलत नाही. नळ टपकतो पण थेंब पोचल्याचा आवाज नाही. भीती कशाची वाटते सांगू? मी चालतो तेव्हा माझीसुद्धा पावलं वाजत नाहीत. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मंचावर स्वतः प्रश्न विचारला. "नमस्कार. घरात कुठलाच आवाज येत नाही. मला फार भीती वाटते. कृपया सांगा, काय करू?" अर्ध्या तासात गंजक्या खिळ्याने बंद केला. विषयबाह्य. हा मंच आवाजांसाठी आहे, आवाज नसण्यासाठी नाही. मी चिडलोसुद्धा नाही. नियम माझ्याच काळात झालेला आहे.

तर हा मेहुणा. काल आला, किल्ली होती ना त्याच्याकडे. मी बसलो होतो, पॉइंट बघत. तो आधी चिडला, मग माझ्यासमोर बसून म्हणाला, "भावजी, ताई अजून तुमच्या फोनची वाट बघते आहे. तिथे तुमच्या ऑफिसात जागा आहे, तिने चौकशी करून ठेवली आहे. पण लिहू नका काही. तोंडाने बोला. एवढं एकच काम करा." आणि माझाच फोन उचलून माझ्या हातात देऊन निघून गेला.

मी लावला. दोन रिंगमध्ये उचलला तिने. माझं नाव दिसलं असणारच. "हॅलो?" म्हणाली. आणि तिच्या मागे किती आवाज होते सांगू! पंखा होता, बाहेर रस्ता होता, बादलीत पाणी पडत होतं, कन्या कसलंतरी गाणं गुणगुणत होती, बेसूर, लहानपणी गायची तशीच. सगळं घर वाजत होतं. मला वाटलं, त्या फोनच्या भोकातून आत शिरावं. आणि मी बोलायला तोंड उघडलं. आधी मनात जुळवलं. कशी आहेस... हे कशाला, मुद्द्याचं नाही, काढा. माझं चुकलं... हे झालं मत, काढा. मला तुमच्याशिवाय ह्या घरात भीती वाटते... भीतीचा काय संबंध, काढा. मी येऊ का तिकडे... हे तर तिनेच आधी विचारलेलं आहे. असं करत करत सगळं साफ झालं, आणि तोंडात काही उरलंच नाही. नुसता श्वास. आता तुमच्यासमोर कसा धो-धो बोलतोय बघा! तिथे एक शब्द फुटेना.

ती थांबली. खूप थांबली, तुम्हाला सांगतो, तिची चूक नाही. "हॅलो? बोला ना," म्हणाली. "मी ऐकते आहे." मी श्वास घेतला. सोडला. मागून कन्येने गाणं थांबवून विचारलं, "आई, कोण आहे गं?"

आणि ही म्हणाली, "कोणी नाही. नुसता आवाज आहे." आणि फोन ठेवला.

आता ह्यावर मी काय बोलणार? आवाज ओळखण्यात ती माझ्या पुढे गेली.